एकास चोवीस: आमची वाटचाल

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या डायकास्ट, म्हणजे डायमध्ये (साच्यात) धातू ओतून घडवलेल्या, छोट्या प्रतिकृती विकणारे, त्या दुरुस्त करणारे आणि त्यांचे हरवलेले सुटे भाग घडवून देणारे दुकान छत्रपती संभाजीनगरात कसे, हा प्रश्न पुण्या-मुंबईचे ग्राहक पहिल्याच फोनवर विचारतात. ज्या शहराच्या चिकलठाणा आणि वाळूज औद्योगिक वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षे डायमध्ये ओतले जात आहेत, जिथे डाय फिटर, पॉलिशर आणि टर्नर गल्लोगल्ली सापडतात, तिथे हे दुकान नसावे तर कुठे असावे, एवढेच आमचे उत्तर असते. मी स्वतः टूलरूममध्ये, म्हणजे साचे घडवण्याच्या विभागात, उमेदवारी केलेला माणूस आहे. साच्याचे दोन भाग जुळतात त्या पार्टिंग लाइनवरचा फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेला जादा धातू, कुठे नीट काढला आहे आणि कुठे नुसता रंगाखाली दडवला आहे, हे मला बोट फिरवले की कळते.

२००९ साली आम्ही दोघांनी हा उद्योग सुरू केला. दुसरे म्हणजे आमचे भागीदार, ज्यांना ग्राहकांसह सगळेच मामू म्हणतात. मामूंचे आयुष्य ट्रकच्या बॉडीवर रंगकाम करण्यात गेले होते आणि फाळक्यावर फूटपट्टी न लावता सरळ रेघ ओढण्यासाठी ते ओळखले जात. तोच हात त्यांनी एकास चोवीसच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, मापावर आणला. ०.२ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, सोनाराचे भिंग, सुईएवढ्या कानशींचा एक संच, पिन व्हाइस (बारीक भोके पाडायचा हातड्रिल) आणि दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, एवढ्या सामग्रीवर आमचे निम्म्याहून अधिक काम आजही चालते. त्यांतील कानशी माझ्या टूलरूममधल्या दिवसांपासूनच्या आहेत आणि त्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नाही.

मापाविषयी आमचे मत ठाम आहे. १९५९ ची खरी कॅडिलॅक सव्वादोनशे इंच, म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास लांब. एकास चोवीसला ती सुमारे चोवीस सेंटिमीटर होते आणि तिच्या मागच्या कल्ल्यांवरचे (पंखासारख्या उभ्या टोकांवरचे) बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे जोडदिवे चारही वेगवेगळे दाखवता येतात. एकास चौसष्टला त्यांच्या जागी लाल रंगाचे ठिपके उरतात. एकास त्रेचाळीस हे माप फुटाला सात मिलिमीटर या ओ गेजच्या छोट्या रेल्वेशी जुळणारे असल्याने त्याला स्वतःचा इतिहास आहे, पण आमच्या कानशीला तिथे फिरायला जागा मिळत नाही. ज्याला बारकावे हवे आहेत आणि घरात एकास अठराइतकी जागा नाही, त्याने एकास चोवीसच घ्यावे. १९५७ ची शेवरले बेल एअर घेताना मडगार्डवरच्या पट्टीतला बारीक रेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा, सोनेरी जाळी आणि डाव्या कल्ल्याच्या मागच्या कडेत दडवलेले पेट्रोलचे झाकण, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. रेघांचा पत्रा नसेल आणि त्या जागी नुसता रंग असेल, तर बेल एअरच्या नावाखाली तुम्हाला खालच्या दर्जाची टू-टेन विकली जात आहे.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. त्यानंतर एका मोठ्या शहरातून आलेल्या व्यापाऱ्याने आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दुकान थाटले. स्पर्धेला आमची कधीच हरकत नव्हती. आमच्याकडे शिकलेला मुलगा त्याने जास्त पगार देऊन नेला, त्यालाही माझी ना नाही. त्या मुलाबरोबर आमच्या ग्राहकांची वही गेली, त्याला मात्र आहे. पाठोपाठ आमच्या जुन्या ग्राहकांना फोन जाऊ लागले की आमचा माल गॅरेजचा आहे, ठोकून-रंगवून विकलेला आहे, आणि खरा माल फक्त त्याच्याकडे मिळतो. हा खरा माल कसा होता, याचा एक नमुना माझ्या कपाटात आजही आहे. खोक्यावर १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे असे छापलेले चिकटपत्र असून आतल्या गाडीची मागची काच अखंड आहे. मधोमध कण्याने दुभागलेली काच त्या कूपेला फक्त १९६३ याच वर्षी होती आणि पुढच्याच वर्षी ती काढून टाकण्यात आली, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कॉर्व्हेट विकू नये.

याहून वाईट प्रकार होता जस्त कुजलेल्या जुन्या प्रतिकृतींचा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश अगदी थोडा जरी जास्त झाला, तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि मग त्यावर जगात इलाज नाही. असा माल स्वस्तात उचलून, तड्यांत पुट्टी भरून, वर नवा रंग मारून तो विकला गेला. एक-दोन उन्हाळ्यांत तडे पुन्हा उघडले आणि ते ग्राहक आमच्या दारात येऊन, दुरुस्तीवाले तुम्हीच ना, मग हे फुकट करून द्या, असे म्हणू लागले. काहींनी तर या धंद्यातले सगळे सारखेच, असे आम्हालाच सुनावले.

त्यातच २०२० सालच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेले, मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह सक्तीचे झाले. तो नियम चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी होता आणि आमच्या प्रत्येक खोक्यावर चौदा वर्षांपुढील संग्राहकांसाठी असे छापलेले होते. तरीही माल सोडवणाऱ्या एजंटाने कागदपत्रांत आमच्या गाड्या खेळणी म्हणून दाखवल्या आणि कर्ज काढून मागवलेला अख्खा माल बंदरात अडकला. त्यानंतरचा पत्रव्यवहार मी फाइलमध्ये जपून ठेवला आहे. गोदामभाडे रोज वाढत गेले, एजंटाने फोन उचलणे बंद केले आणि शेवटी मालाच्या किमतीपेक्षा भाडे जड झाल्यावर आम्ही त्या मालावर पाणी सोडले. घरातले दागिने बँकेत गेले. शेजारच्या दुकानात जुन्या दराने भरलेला साठा होता. त्याने दर वाढवले आणि आमच्या ग्राहकांना आम्ही दुकान बंद केल्याचेही कळवून टाकले.

ती बातमी परभणीला पोहोचली आणि तेथील एका वयोवृद्ध कापूस व्यापाऱ्यांचा, ज्यांना आम्ही शेटजी म्हणतो, फोन आला. ‘‘दुकान बंद झालं म्हणे? मग माझ्या गाड्या कोण बघणार?’’ असे विचारून त्यांनी चौथ्या दिवशी आपला सगळा संग्रह दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून जीपने पाठवला आणि ओव्हरहॉलिंगचे पैसे काम सुरू होण्याआधीच दिले. सोबत एक अटही होती. त्यांच्या वडिलांकडे पन्नाशीच्या दशकातील प्लिमथ होती, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळलेली आणि म्हणून उजव्या स्टिअरिंगची. बाजारातील प्रतिकृती मात्र अमेरिकन पद्धतीने डाव्या स्टिअरिंगच्या असतात. त्यांना उजवी हवी होती.

हे काम ऐकायला सोपे वाटते. डॅशबोर्ड मधून कापून डायल आणि कप्पा यांची अदलाबदल करावी लागते, स्टिअरिंगच्या दांड्याचे भोक बुजवून दुसरीकडे पाडावे लागते, पेडल हलवावे लागते आणि वायपरची दिशाही फिरवावी लागते. पहिला डॅशबोर्ड मी कापून जुळवला, त्यावरून सिलिकॉनचा साचा केला आणि रेझिनमध्ये पुढचे नग ओतले. डायलवरचे आकडे मामूंनी भिंगाखाली काढले. शेटजींनी गाडी हातात घेतल्यावर सर्वांत आधी हॉर्नची कडी पाहिली आणि ती जाड झाली असल्याचे सांगितले. ती खरोखर जाड होती, कारण मूळ प्रतिकृतीतच तशी होती. आम्ही तांब्याच्या बारीक तारेची नवी करून दिली. आज आमचा गल्ला मुख्यतः याच कामावर चालतो. ज्यांच्या आजोबांकडे डॉज, डीसोटो किंवा प्लिमथ होती अशी घरे हैदराबादपासून नागपूरपर्यंत आहेत आणि बंदरातल्या कोणत्याही एजंटावाचून आता आमचे अडत नाही.

शेजारचे ते दुकान आता मोबाइलची कव्हरे विकते. वही परत आलेली नाही.

दुरुस्तीसाठी गाडी पाठवणाऱ्यांनी काही गोष्टी पाळल्यास उभयतांचा त्रास वाचेल. काच चिकटवायला झटपट चिकटणारा गोंद कृपया वापरू नये, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते आणि ती आम्हालाही पुन्हा स्वच्छ करता येत नाही. क्रोमवर स्पिरिट लावू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना गाडी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. रबरी टायरमधले तेल सुटून ते खालच्या प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून टायर आणि पाया यांच्यामध्ये कागद घालावा. पार्सल करताना गाडी आधी पातळ टिश्यूत गुंडाळावी आणि मगच बुडबुड्यांचे प्लॅस्टिक वापरावे, अन्यथा त्याचे गोल वळ रंगावर उमटतात. आरसे निघत असतील तर ते काढून वेगळ्या पुडीत, नाव घालून, त्याच खोक्यात टाकावेत. पुडी नसेल तर आरसा आधीच हरवला होता असे आम्ही धरतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.