लंडन एफसी ऊर्फ पाटाकडील

प्रो इव्होल्यूशन सॉकर ६ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये चेल्सी हा इंग्लिश क्लब नाही. म्हणजे लॅम्पार्ड आहे, ड्रोग्बा आहे, टेरी आहे, पण संघाचं नाव 'लंडन एफसी'. लिव्हरपूलचं झालंय 'मर्सिसाइड रेड'. ही नावं वापरायचे हक्क गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीकडे नव्हते. मग त्यांनी ती जबाबदारी खेळणाऱ्यावरच टाकली: एडिटमध्ये जा आणि हवं ते नाव ठेवा.

बहुतेकांनी तिथं जाऊन 'चेल्सी' टाइप केलं असणार. निपाणीच्या माझ्या मावसभावानं 'पाटाकडील' टाइप केलं.

निपाणी कर्नाटकात, पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की याचं सगळं लक्ष कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमकडे. तिथल्या तालमींच्या, म्हणजे पेठांमधल्या फुटबॉल संघांच्या, ईर्ष्येपुढे बाकीचं जग त्याला फिकं. तो पाटाकडील तालमीचा म्हटल्यावर मला खंडोबा तालीम घेणं भागच पडलं. मर्सिसाइड रेडचं मी बारसं उरकलं आणि बेळगावात, शहापूरच्या एका अरुंद गेम पार्लरमध्ये, ड्रोग्बा पाटाकडीलकडून आणि जेरार्ड खंडोबाकडून खेळू लागला. शेजारच्या टीव्हीवरची कानडी पोरं आपला सामना सोडून आमच्यामागे उभी राहायची. "होडी, होडी!" आणि "मार की लेका!" एकाच वेळी कानात. पुढे कोल्हापूरच्या मैदानावर खरोखरच परदेशी खेळाडू उतरायला लागले, तेव्हा ही कल्पना आपल्याकडूनच चोरली असं भावाचं ठाम मत झालं. अजूनही आहे.

परवा माळ्यावरून प्लेस्टेशन २ काढला. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची भोकंच नाहीत, म्हणून जुना ढब्बू टीव्हीही खाली आणावा लागला. मेमरी कार्ड ८ एमबीचं. आजच्या फोनमधले दोन-तीन फोटो त्यात जेमतेम मावतील. पण आमची अख्खी मास्टर लीग, म्हणजे गेममध्ये आपला क्लब चालवायचा तो प्रकार, त्यात शाबूत होती: कास्तोलो, मिनांडा, इव्हारोव्ह. ही माणसं कुठल्याही देशात जन्मलेली नाहीत, कोनामीनं कागदावर जन्माला घातलेली. पैसे नसलेल्या क्लबाच्या गळ्यात पहिल्यांदा हीच पडायची. खेळायला यथातथाच, पण त्यांना विकायचं म्हटलं की माझा हात अडायचा.

चेहरे आता बघवत नाहीत. रंगकाम व्हायच्या आधीचे शाडूचे गणपती बरे. खेळ मात्र अजून पक्का आहे. चेंडू पायाला चिकटत नाही, पळत सुटलेल्या खेळाडूनं अंग न वळवता पास दिला तर तो भलतीकडेच जातो, आणि पुढे पळणाऱ्याला पास देणारं त्रिकोणाचं बटण क्षणभर उशिरा दाबलं की ऑफसाइड. २०२१ मध्ये कोनामीनं हे जुनं नाव टाकून 'ई-फुटबॉल' आणला, तोही फुकट. चकचकीत आहे. फुकट असूनही माझ्या फोनवर तो फार टिकला नाही.

आणि मग आद्रियानो. इंटर मिलानचा हा ब्राझीलवाला गेममध्ये म्हणजे निव्वळ अन्याय होता. शॉटची ताकद ९९. मैदानाच्या मध्यापासून थोडं पुढे यायचं, डावा पाय, शॉटचं चौकोनाचं बटण दाबून धरायचं, गोलकीपर आडवा. प्रत्यक्षात २००४ मध्ये वडील गेल्यावर हा माणूस आतून खचत गेला. आम्ही त्याच्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा खऱ्या आद्रियानोचा उतार सुरू झाला होता, पण गेमला त्याचा पत्ता नव्हता. पार्लरमध्ये शेवटी नियमच झाला होता: इंटर कुणीच घ्यायची नाही.

भाच्याला खेळायला बसवण्याआधी मी हा नियम नीट समजावून सांगितला. त्यानं मान डोलावली, यादी खालीवर केली आणि ब्राझील निवडला.

"मामा, ब्राझील चालतं ना?"

आद्रियानो तिथंही होता.