आगोटीपलीकडे टिकवलेला पांढरा कांदा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा गावच्या घराच्या पडवीची सगळी कौले उडाली. दुरुस्तीसाठी म्हणून अलिबागजवळच्या गावी गेलो तो तिथेच राहिलो आणि त्या वर्षी भात कापून झाल्यावर घरामागच्या एक गुंठ्यात पांढरा कांदा लावला. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूचा हा कांदा आता भौगोलिक मानांकनामुळे सर्वदूर माहीत झाला आहे. वडखळच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी त्याच्या टांगलेल्या वेण्या पाहिलेल्या असतातच. तो गोडसर आणि रसाळ असतो, पण असे कमी तिखट कांदे सहसा फार टिकत नाहीत. मला मात्र तो आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरायच्या, सामानाबरोबर भरून ठेवून निदान श्रावणापर्यंत घरात हवा होता.

पहिल्या वर्षी पीक चांगले आले, साठवण पूर्ण फसली. फेब्रुवारीत पात पिवळसर दिसू लागली म्हणून मी युरिया, म्हणजे नत्राचे खत, दिले, काढणीच्या तीन दिवस आधीपर्यंत पाणी चालू ठेवले, पात कापून टाकली आणि कांदे क्रेटमध्ये भरून पडवीत रचले. वादळानंतर पडवीवर कौलांऐवजी पत्रा घातला होता, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी तिथे उभे राहवत नसे. मे महिन्यात सालींखाली काजळीसारखी काळी बुरशी दिसू लागली. घाबरून काही कांदे फ्रिजमध्ये ठेवले, ते बाहेर काढताच आठवडाभरात कोंबारले. पुढे समजले की कांदा शून्य अंशाच्या आसपास किंवा २५ ते ३० अंशांत निद्रिस्त राहतो, मधल्या थंडाव्यात मात्र त्याला लवकर जाग येते. पहिल्या पावसानंतर उरलेला ढीग पाणी सुटून सडला, आणि शेजारच्या काकूंनी तो शेणखताच्या खड्ड्यात टाकायला मदत केली.

काकूंच्या घरी या कांद्याचे बी घरचेच असते. दुसऱ्या हंगामासाठी त्यांनी मला सुमारे १०० ग्रॅम बी दिले आणि एक अट घातली, की माना, म्हणजे पात जिथे कांद्याला मिळते तो भाग, पडल्याशिवाय कांद्याला हात लावायचा नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गादीवाफ्यावर ओळींत बी पेरले आणि ४५ दिवसांची रोपे सपाट वाफ्यांत १५ बाय १० सेंटिमीटरवर लावली. फुलकिड्यांचा त्रास थोडाफार झाला. या वेळी नत्राचा शेवटचा हप्ता लावणीनंतर महिन्याभरातच देऊन थांबलो, कारण उशिरा मिळालेल्या नत्राने पात वाढतच राहते, मान जाड होते आणि जाड मान शेवटपर्यंत नीट सुकत नाही. आदल्या वर्षीच्या सडक्या कांद्यांत सर्वाधिक कांदे जाड मानेचेच होते, हे तेव्हा डोळ्यांसमोर असूनही माझ्या लक्षात आले नव्हते.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात निम्म्याहून अधिक रोपांच्या माना आपोआप मऊ होऊन पात जमिनीवर आडवी झाली. पाणी त्याआधीच बंद केले होते. काकू म्हणाल्या, “मान मोडली की कांद्याचं तोंड बंद झालं समज. तोंड उघडं राहिलं तर पावसाळा आत शिरणारच.” काढलेले कांदे आम्ही वाफ्यातच अशा रीतीने पसरले, की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यांवर यावी आणि ऊन थेट गड्ड्यावर पडू नये. तीन दिवसांनी ते सावलीत आणून आणखी दहा-बारा दिवस सुकवले. डेंगळे (फुलाचे दांडे) आलेले, जोड आणि फावडे लागलेले कांदे बाजूला काढले, ते घरात आधी खाण्यासाठी. डेंगळ्याचा कांदा दिसायला कितीही चांगला असला तरी त्याच्या मध्यात पोकळ देठ राहतो आणि तिथूनच सडायला सुरुवात होते.

वेणी घालणे मला सर्वांत कठीण गेले. सुकलेली पात दुपारी हातात मोडते, म्हणून काकू ते काम पहाटे, दहिवराने पात नरम असताना करतात. मध्ये सुतळी धरून तीन-तीन कांद्यांची पात एकमेकांत गुंफत वर जायचे. माझ्या पहिल्या चार वेण्या टांगताच सुटल्या. नंतर साधारण अडीच किलोची एक, अशा १४ वेण्या झाल्या, आणि त्या पडवीत न ठेवता माजघरात, कौलांखालच्या वाशाला हातभर अंतराने टांगल्या. खाली चूल पेटते, तिची ऊब आणि धूर त्यांना लागत राहतो. वेणीत प्रत्येक कांद्याला चहूबाजूंनी वारा मिळतो आणि एखादा बिघडला तरी बाकीच्यांना धक्का न लावता तो कापून काढता येतो. जुलैत माजघरातली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली, तेव्हा पावसाच्या झडीत खिडक्या बंद ठेवायच्या आणि उघडीप मिळाली की त्या उघडायच्या, हा नेम आम्ही कसोशीने पाळला. दर आठ दिवसांनी मी प्रत्येक वेणी खालून वर चाचपत असे. मऊ मान बोटाला लगेच कळते, वास त्यानंतर येतो.

नागपंचमीला नऊ वेण्या जवळजवळ शाबूत होत्या. त्यांतील दोन काकूंनी खाऊ दिल्या नाहीत. पावसाळा काढलेले कांदेच बियाण्यासाठी लावायचे, अशी त्यांच्या घरची रीत आहे, आणि मला साठवणीचे खरे कारण तेव्हा कळले. कांदा भात कापणीपर्यंत टिकला नाही, तर पुढच्या वर्षाचे बी दुसऱ्याकडून आणावे लागते. नोव्हेंबरमध्ये त्या दोन वेण्यांतून बारीक मानेचे, गोल आणि स्वच्छ पांढरे २२ कांदे निवडून लावले. आसपास कोणाच्या परसात लाल कांदा फुलावर येणार नाही याची चौकशी आधी केली, कारण मधमाश्या दोन्हींचा परागकण एकत्र करतात. नऊ कांद्यांना बोंडे आली. ते बी सुकवून काचेच्या बरणीत ठेवले आहे आणि कांद्याच्या बियांची उगवणशक्ती आमच्या दमट हवेत वर्षभरातच घटत असल्याने येत्या नोव्हेंबरात ते सगळे पेरायचे आहे.