खाटा वाढल्या, कट्टा कुठंय?

विद्यापीठाचा विस्तार ठरला की सगळ्यात आधी खाटांचा हिशोब मांडतात. आयआयटी मुंबईचंच बघा. २००६ च्या कायद्यानं केंद्रीय संस्थांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण मिळालं. खुल्या जागा कमी करायच्या नव्हत्या, म्हणून एकूण जागा सुमारे ५४ टक्क्यांनी वाढवाव्या लागल्या. पवईची जमीन मात्र होती तेवढीच.

तिथल्या १२, १३ आणि १४ नंबरच्या वसतिगृहांना मिळून एकच मेस दिली होती. खोली केवढी यापेक्षा मला हा निर्णय मोठा वाटतो. तीन इमारतींतली पोरं रोज एकाच दारातून जेवायला आत शिरणार. ओळखींसाठी वेगळा कार्यक्रम लागत नाही.

पण अशा मेसचं गणित चुकलं तर पंचाईत. समजा, १५०० मुलं आणि रात्रीचं जेवण ८ ते १०. कागदावर दोन तासांत अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार पंगती उठतात, म्हणजे ३७५ खुर्च्या पुरे. प्रत्यक्षात निम्मी मुलं साडेआठ ते सव्वानऊच्या पाऊण तासात येतात असं धरा. एक जण २५ मिनिटं बसला, तरी एका वेळी ४२० जण आत. घोळक्यांमध्ये सुटणाऱ्या खुर्च्या धरून ५०० मांडायला हव्यात. नाहीतर मुलं ताट उचलून खोलीत जातात आणि मेसची नुसती वाढपाची खिडकी होते.

मेसच्या दारापासून वसतिगृहाच्या फाटकापर्यंतच्या वाटेवरच कट्टा हवा, आडबाजूला नको. दीड फूट उंच, दीड फूट रुंद, पश्चिमेला झाड, वर दिवा, हाकेच्या अंतरावर चहाची टपरी. सुशोभीकरणात पहिली उठते ती टपरीच, आणि तिच्या जागी टोकदार काठांच्या कुंड्या येतात! वाटेवर छप्पर घाला आणि ती १० फूट रुंद ठेवा. पावसाळ्यात दोन छत्र्या आणि एक सायकल समोरासमोर येतातच.

कॉमन रूम तळमजल्यावर, जिन्यालगत, काचेच्या दाराची. गच्चीजवळ दिली की वर्षभरात तिथं मोडक्या खाटा रचलेल्या दिसतात. टेबल टेनिसचं टेबल ९ बाय ५ फुटांचं, पण खेळायला २८ बाय १५ ची तरी खोली लागते. नकाशात ते १८ बाय १२ मध्ये मावतं, मग बॅट भिंतीवर आपटते.

एका मजल्यावर ४० खोल्यांची सलग रांग नको. १२ ते १५ खोल्यांची विंग असली की शेजारी कोण आजारी आहे ते कळतं.

मुलींचं फाटक दहाला बंद आणि वाचनालय बारापर्यंत उघडं, असं असेल तर नव्या वाचनालयाचे शेवटचे दोन तास फक्त मुलांचे. फाटकाची वेळ बदला आणि सव्वाबाराला वाचनालयापासून एक बस ठेवा.