लव्हाळ्याची गाठ

दुपारच्या उन्हात मिरचीच्या बेडवरचा मल्चिंग पेपर, म्हणजे तण दबवायला अंथरलेलं प्लास्टिक, तापून चकाकत असतो. रोपासाठी पाडलेलं भोक सोडून भलतीकडेच एक हिरवी सुई वर आलेली दिसते. पंचवीस मायक्रॉनचा पेपर आरपार. बाकीची तणं त्या अंधारात पिवळी पडून मरतात. लव्हाळ्याचा कोंब मुळातच ताठ आणि टोकदार. रागवावं की कौतुक करावं?

ओळखायला सोपा. दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात. पेर नाही, आतून भरीव. गवत म्हणायची सवय आहे, म्हणू बापडे. ओढ्याची कड, कालव्याची गळती, पाणथळ बांध, तिथं तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. वावरात शिरला की त्याचा जमिनीखालचा कारभार कळतो.

उपटला की पात हातात येते आणि खुरपणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं. गाठ खालीच असते. काही दिवसांत नवा कोंब हजर. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत, दोऱ्यासारख्या बारीक खोडाने एकीला एक जोडलेल्या. साखळी अखंड असते तोवर टोकाची गाठ मागच्यांना झोपवून ठेवते. रोटाव्हेटरने साखळी तुटली की झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. ओल्या वावरात रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे लव्हाळ्याची लागवडच! त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळं उलथी तापू द्यावीत. गाठ आतून ठणठणीत वाळली तरच मरते. मध्येच वळीव झाला की पुन्हा पहिले पाढे.

उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक एकरी ३६ ग्रॅम चालतं, पण लव्हाळा तीन-चार पानांवर असतानाच. लव्हाळ्याला तुरा आल्यावर फवारलं तर वरची पात करपते, गाठी सुखरूप. १९७७ साली तणतज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी केली, तिच्यात पहिला नंबर याचाच.

आणि दिवाळी आली की हीच गाठ काष्ठौषधीच्या दुकानात नागरमोथा म्हणून पुडीत बसते. लोक पैसे मोजून नेतात. उटण्यासाठी गाठी धुऊन, वरची केसाळ मुळं चोळून काढून कडकडीत वाळवायच्या. मग आधी खलबत्त्यात फोडायच्या. अख्ख्या मिक्सरला लावल्या तर पातं जातं. पूड वस्त्रगाळच हवी. पिठाच्या चाळणीवर भागवलं की धागे उरतात आणि पहाटेच्या अभ्यंगात अंगावर ओरखडे. आंबेहळद, कचोरा, गव्हला सगळे असले तरी ओल्या मातीचा आणि किंचित कापराचा तो वास याचाच. तो नसला तर उटणं नुसतं पीठ.

घरचा मोथा वापरायचा असेल तर ओढ्याकाठचा घ्यावा. तणनाशक मारलेल्या वावरातला अजिबात नको.