सरासरीकडे जायची वाट एकूण खर्चावरून

बऱ्याच वर्षांनी एका परीक्षेसाठी बीजगणित पुन्हा हातात घेतलं, आणि खर्चाच्या शाब्दिक उदाहरणांपाशी आठवडाभर अडकले. आकडेमोड येत होती. वाक्यातून समीकरण काढणं जमत नव्हतं.

पहिलं उदाहरण सरळ होतं. यंत्र मांडायला १२०० खर्च, शिवाय प्रत्येक वस्तूमागे ३०. वस्तूंची संख्या क्ष मानली की एकूण खर्च १२०० + ३०क्ष. सरासरी काढताना मात्र मी क्ष ने फक्त दुसऱ्या पदाला भागलं आणि १२०० + ३० = १२३० लिहून मोकळी झाले. मग खटकलं. उत्तरात क्ष उरलाच नव्हता. म्हणजे एक वस्तू करा नाहीतर हजार, प्रत्येकीचा खर्च १२३०च! भागायचं ते सगळ्या बेरजेला. खरं उत्तर १२००/क्ष + ३०. १० वस्तूंना सरासरी १५०, १०० वस्तूंना ४२, १००० वस्तूंना ३१.२. मांडणीचा खर्च जास्त वस्तूंत वाटला जातो, म्हणून सरासरी उतरत जाते; पण ३०च्या खाली कधीच जात नाही.

तेव्हापासून वाक्यातल्या प्रत्येक आकड्याला मी एकच प्रश्न विचारू लागले: हा एकदाच लागतो की दर वस्तूमागे? एकदाच लागणारा एकटा राहतो, दर वस्तूमागचा क्ष ला चिकटतो. क्ष शून्य ठेवून पाहायची सवयही तेव्हाच लागली. एकही वस्तू न करता जो खर्च येतो, तो स्थिर खर्च. सरासरीत मात्र शून्य चालत नाही, कारण क्ष छेदात आहे.

खरा घोळ पुढच्या उदाहरणात झाला. ‘५० वस्तू केल्या तर सरासरी खर्च ५४, ८० केल्या तर ४५. एकूण खर्चाचं सूत्र एकघाती आहे, ते लिहा.’ एकघाती म्हणजे ज्यात क्ष चा वर्ग वगैरे नसतो आणि आलेख सरळ रेषा येतो असं. तो शब्द दिसला आणि मी त्या दोन सरासऱ्यांमधूनच सरळ रेषा काढली. ३० वस्तू वाढल्यावर सरासरी ९ने घटते, म्हणजे वस्तूमागे ०.३, सरासरी खर्च ६९ − ०.३क्ष. दोन्ही आकडे तंतोतंत बसले, म्हणून पुढे गेले. रात्री सहज क्ष = २३० घालून पाहिलं तर सरासरी शून्य! २३० वस्तू फुकटात तयार होणं शक्यच नव्हतं.

ताईला वही दाखवली. तिने एवढंच विचारलं, “एकघाती काय आहे म्हटलंय गं, एकूण खर्च की सरासरी?” मग उजेड पडला. आधी दोन्ही सरासऱ्यांचे एकूण खर्च करायला हवे होते: ५० × ५४ = २७०० आणि ८० × ४५ = ३६००. आता ३० वस्तूंना ९०० वाढले, म्हणजे वस्तूमागे ३०. २७००तून ५० वस्तूंचे १५०० वजा केले की उरतात १२००. पहिल्या उदाहरणातलंच सूत्र वेगळ्या वेषात समोर आलं होतं! २३० वस्तूंची सरासरीही आता सुमारे ३५.२ आली. त्या क्षणाचा आनंद अजून आठवतो.

वर्गपद असलेल्या खर्चाची मला भीती होती, पण तीही याच वाटेने गेली. एकूण खर्च ०.५क्ष² + २०क्ष + ८००. प्रत्येक पदाला क्ष ने भागलं: ०.५क्ष + २० + ८००/क्ष. पहिलं पद वाढतं, शेवटचं घटतं, आणि त्या दोघांचा गुणाकार नेहमी ४००च राहतो. गुणाकार ठरलेला असला की दोन धन संख्यांची बेरीज त्या समान असताना सर्वांत कमी असते. दोन्ही पदं २० होतात क्ष = ४० असताना, आणि किमान सरासरी खर्च येतो ६०. कलन (कॅल्क्युलस) न वापरता. पडताळ्याला ३९ आणि ४१ घालून पाहिलं. दोन्हीकडे ६०हून किंचित जास्त आलं.