बियाण्यातलं शेजारचं वांगं

मागच्या कार्तिकात परसातल्या वांग्यांना फळं धरली आणि माय रोपांपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाच रोपं, बी एकाच गाठोडीतलं. चारांवर आमची नेहमीची फिकट हिरवी, पांढरट रेघांची भरताची वांगी. पाचव्यावर जांभळं!

"बी तं म्याच धरलं होतं," ती म्हणाली. जणू कुणी तिच्यावर आळ घेतला होता.

बी धरायची तिची पद्धत मला पाठ आहे. झाडावरचं एक चांगलं फळ राखायचं, पार पिवळं पडेपर्यंत तोडायचं नाही. हिरवं असो की जांभळं, पिकलं की वांगं पिवळंच होतं. आपण खातो ती सगळी कोवळी. मग गर कुस्करून बी धुवायचं, राखेत घोळायचं, सावलीत वाळवून चिंधीत बांधायचं.

खोट निघाली ती त्याच्याही आधीची. वांग्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागांवर भागवतं, पण त्या पिवळ्या पुंकेसरांना टोकाशी बारीक छिद्रं असतात आणि पराग तिथूनच गळतात. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवत गुणगुणला की पराग झडतात, आणि तोच भुंगा पुढच्या फुलावर जातो. कुंपणापलीकडे शेजारणीची जांभळी वांगी होती. बाकी काय सांगायचं!

गंमत म्हणजे ज्या फळातून हे बी निघालं, ते पिकण्याआधी बाहेरून अगदी आमच्या बाकी वांग्यांसारखं हिरवंच होतं. गर आईचा, साल आईची. बापाची खूण फक्त बियांत. ती दिसायला वर्ष जावं लागलं. त्यातही जांभळा रंग बहुधा हिरव्यावर चढतो, म्हणून पहिल्या पिढीत हिरवं दडून बसतं. या जांभळ्याचं बी पेरलं तर पुढच्या खेपेला त्यातली काही पुन्हा हिरवी निघतील.

तेव्हापासून जळगाव जिल्ह्यातल्या बामणोद गावच्या भरताच्या वांग्यांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मोठं फळ, भरपूर गर, कमी बी, असं निवडत निवडत ते इथवर आणलं ते आमच्या मायसारख्या बायाबाप्यांनी, दरवर्षी एखादं फळ न खाता राखून. (कमी बियांचं वांगं निवडायचं आणि बीही त्याचंच धरायचं, हा हिशेब मला अजून हसवतो.)

चंपाषष्ठीला कपाशीच्या काड्यांवर सगळी वांगी भाजली, जांभळंही त्यातच. सालं काढल्यावर कोणतं कुठलं ते ओळखू येईना. लाकडी बडगीत मिरच्या ठेचल्या, कांद्याची पात पडली, कळण्याच्या भाकरी झाल्या. दुसऱ्या घासाला माझ्या दाताखाली कचकन बी आलं.

माय ताटातून वर न बघता म्हणाली, "ते पाय, शेजारचं."