धूमकेतू माघारी निघालाय

मार्च १९८६. पहाटे तीनला आबांना स्कूटरवर मागं बसवून पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या चढाला स्कूटर धापा टाकायला लागली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून जन्म काढलेला माणूस. चष्मा पुसून बराच वेळ आग्नेयेला बघत राहिला. मग म्हणाले, "चुन्याचं बोट भिंतीला पुसल्यागत दिसतंय बघ."

हॅलेचा धूमकेतू त्या खेपेला फिकाच होता. तो सूर्याजवळ असताना पृथ्वी नेमकी पलीकडच्या बाजूला पडली होती. "आता परत कवा?" आबांनी विचारलं. २०६१, म्हटलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे तू बी नसणार की रं." स्वतःला त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

आबा ऑगस्ट २०१९ अखेर गेले. चांद्रयान-२ तेव्हा चंद्राभोवती फिरत होतं. "उतरायच्या राती मला उठवा," असं त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलेलं. ७ सप्टेंबरच्या पहाटे आम्ही जागेच होतो. चंद्रावर उतरणाऱ्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा हे बघायला आबा नाहीत याचं क्षणभर बरं वाटलं.

मग २३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी सहाला मशीन बंद करून पोरं एका मोबाईलभोवती गोळा झाली. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं. कुणी पेढे आणायला पळालं. मी कोपऱ्यातल्या आबांच्या जुन्या लेथपाशी गेलो, चकवर हात ठेवला आणि रडलो. चार वर्षं, फक्त चार वर्षं कमी पडली माणसाला.

आता मी अडुसष्ट. २०४० पर्यंत आपला माणूस चंद्रावर पाठवायचं इस्रोनं ठरवलंय. तेव्हा त्र्याऐंशी होईन, म्हणून रोज रंकाळ्याला फेरी मारतो. औषधं चुकवत नाही. मरणापेक्षा हे अर्ध्यातनं उठून जाणं जिवाला लागतं.

डिसेंबर २०२३ मध्ये धूमकेतू नेपच्यूनच्याही पलीकडं, त्याच्या वाटेच्या लांबच्या टोकाला पोचला आणि माघारी वळला. आता रोज थोडा जवळ येतोय.

नातीसाठी कारखान्याच्या वहीत लिहून ठेवलंय: २८ जुलै २०६१ च्या सुमाराला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ असेल. या खेपेला पृथ्वीच्याच बाजूनं जाणार, त्यामुळं आम्हाला दिसला त्याहून ठळक दिसेल. पण बाळ, पन्हाळ्यावर जाऊ नकोस. जुलैत तिथं धुक्यात हातभर लांबचं दिसत नाही. जत-सांगोल्याकडं जा, तिकडं पाऊस कमी असतो.